येत नसेल तर डावा हात

माझी सून इंग्रजी शिकवायला शिकत होती. शिकवायला समोर कोणीतरी लागतं, म्हणून मी इंग्रजी शिकत होते. मला इंग्रजीची हौस होती असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. जन्मभर मी शाळेत शिपाई होते. घंटा दिली, फळे पुसले, मास्तरांचा चहा केला, आणि इंग्रजीचा तास सुरू झाला की पाण्याची टाकी भरायला निघून गेले. ती भाषा आपल्या वाटेला येऊ नये एवढीच माझी इच्छा होती, आणि म्हातारपणी नेमकी तीच वाटेत आडवी आली.

नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. इकडे म्हणजे जिथे दुधाच्या डब्यावरचंसुद्धा वाचता येत नाही आणि लिफ्टमध्ये कोणी दोन शब्द बोललं की मी हसून मान हलवते. काय बोललं ते देवाला माहीत. घरात फोन वाजला आणि मी एकटी असले तर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. दवाखाना, औषधवाला, गिझर दुरुस्त करणारा, सगळ्यांशी सूनच बोलायची. तिला हाक मारली की हातातलं काम टाकून यायची. मला इंग्रजी न येण्याचा त्रास होता तो तिला, मला नव्हता.

ही सून मी स्वतः हेरलेली. आमच्याच शाळेत इंग्रजीची बाई म्हणून लागली होती. नवीन बाया आल्या की आधी पंखा कुठला चालतो ते बघतात. हिने पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन हाक मारली. मी घरी येऊन मुलाला सांगितलं, मुलगी बघून आले. त्या शाळेत ती रमली होती. इकडे आल्यावर तिच्या डिग्रीचा कागद कोणी हातात धरेना. तुम्ही तिकडे मुलांना शिकवत होतात, इथे मोठ्या माणसांना शिकवायचं तर इथला कोर्स करा, म्हणाले. मग ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत लागली. दिवसभर गरम चादरींच्या घड्या घालून तिचे हात खरखरीत झाले. खडू धरणारे हात ते. मला बघवायचं नाही.

शेवटी तिने कोर्स धरलाच. सकाळी वर्ग, दुपारी चादरी. या कोर्सची एक रीत होती. शिकाऊ शिक्षकांना शिकवायला खरीखुरी माणसं लागतात, म्हणून आजूबाजूच्या कोणीही यावं आणि फुकट शिकावं. आमच्या वर्गात एक न्हावी होता, एक मोठ्या मिशांचा टॅक्सीवाला होता, बाबागाडी घेऊन येणारी एक लेकुरवाळी होती, आणि आणखी काही जण. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. आम्ही एकमेकांशी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बोलायचो, आणि सगळ्यात मागे एक बाई वही घेऊन बसायच्या. त्या आम्हाला बघायच्या नाहीत, शिकवणाऱ्याला बघायच्या. मी त्यांचं नाव मागच्या बाई ठेवलं होतं. पास-नापास त्यांच्या हातात होतं.

सुनेचा एक पाठ आधीच नापास झाला होता, आणि तो माझ्यामुळे. तिने मला विचारलं होतं, काल काय केलंत? साधा प्रश्न. काल मी भाजी निवडली, टीव्ही बघितला, झोपले. पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले आणि माझी दातखीळ बसली. तिला माझी दया आली. तिने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं, मग पुढच्याचंही दिलं, आणि मग तिला थांबताच येईना. तास संपल्यावर मागच्या बाई तिला म्हणाल्या, "प्रश्न तुम्ही विचारता, उत्तर तुम्हीच देता. मग ही माणसं कशाला आली आहेत?" हे तिने घरी जेवताना सांगितलं, हसत हसत, आणि पानातलं अर्धं तसंच टाकून उठली.

आता शेवटचा पाठ उरला होता. त्यात पास झाली तर कोर्स पुरा आणि संध्याकाळच्या वर्गांवर एक जागा रिकामी होती, ती मिळण्यासारखी होती. नाहीतर चादरी.

मुलगा म्हणाला, "होईल गं आई, तू काळजी करू नकोस." काळजी करू नकोस म्हणणाऱ्या माणसाने आजवर कोणाचं काय काम केलंय? मी ठरवलं, आपण काहीतरी करायचं.

आणि मला तपासणी काही नवीन नव्हती. आमच्या शाळेत मोठे साहेब तपासणीला यायचे तेव्हा सगळी तयारी मीच बघायची. अंगण झाडणं, माठ घासणं, मोडकी बाकं मागे सरकवणं, आणि मुलांकडून आदल्या दिवशी सगळे धडे घोटून घेणं. घोटून घ्यायचे मास्तर, पण दारात उभी राहून लक्ष ठेवायची मी. वर हेडमास्तरांची एक युक्ती होती. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचं रान दिसायचं आणि मास्तर उजव्या हातालाच उठवायचे. शाळेला कायम उत्तम शेरा मिळाला. माझ्या मते शेऱ्याचा अर्धा वाटा त्या डाव्या हातांचा होता.

सुनेच्या शेवटच्या पाठाचा विषय होता, दवाखान्यात फोन करून वेळ घेणं. तिने त्यासाठी वाक्यांची कार्डं छापली होती. पहिल्या खेपेची वाकडी कापली गेली म्हणून तिने ती टाकून दिली. मी ती केराच्या डब्यातून काढली, पुसली आणि पर्समध्ये ठेवली. न्हाव्याचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असायचं. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे तिथे जमलो. खुर्च्या फिरत्या, समोर आरसे, त्यामुळे सगळ्यांना सगळे दिसत होते. टॅक्सीवाल्याला वाचता यायचं. तो एकेक कार्ड मोठ्याने वाचायचा आणि आम्ही मागून म्हणायचो. मला वेळ हवी आहे. उद्या सकाळी चालेल. माझा गुडघा दुखतो. लेकुरवाळीने तर फोन घेणाऱ्या बाईचीही वाक्यं पाठ केली, म्हणजे कमतरता नको.

उजवा-डावा मी हातवारे करून समजावला. "येस, धिस हँड. नो, धिस हँड. टीचर हॅपी." न्हावी इतका हसला की कात्री खाली पडली. टॅक्सीवाल्याने मिशीवरून हात फिरवून डावा हात वर करून बघितला आणि म्हणाला, "गुड टीचर. वुई हेल्प." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं. त्या माणसांना माझ्या सुनेबद्दल खरंच माया होती. त्यांच्या नावांचे उच्चार बरोबर करणारी ती इथली पहिलीच व्यक्ती होती.

घरी मी अळीमिळी गुपचिळी. सूनबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे बघून पाठाचा सराव करायची आणि मी मटार सोलत मनात म्हणायची, कर बाई, कर, तुझं काम आम्ही केव्हाच करून ठेवलंय.

पाठाच्या दिवशी तिने निळा कुडता घातला होता. तिने फळ्यावर एका माणसाचं चित्र लावलं, गुडघा धरून बसलेल्या. विचारलं, याला काय होतंय? तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत न्हावी म्हणाला, "माझा गुडघा दुखतो, मला वेळ हवी आहे, उद्या सकाळी चालेल." एका दमात. तिने त्याच्याकडे बघितलं. मग टॅक्सीवाल्याला विचारलं, त्यानेही तेच म्हटलं, त्याच चालीत. लेकुरवाळीने फोन उचलून दोन्ही बाजूंचं बोलून दाखवलं. तासभराचं काम चहा निवायच्या आत संपलं. माझी छाती फुगली होती. मी वळून मागच्या बाईंकडे बघितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

या बाईंचं एक म्हणणं सुनेने मला घरी कितीदा तरी सांगितलं होतं, आणि मी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं होतं. त्यांना आधीच येत असेल तर तुम्ही शिकवलंत काय? ते आत्ता आठवलं. साहेब यायचे ते मुलांना काय येतं ते बघायला. या बाई बघायला बसल्या होत्या की न येणाऱ्याला येऊ कसं लागतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि मारुती माझ्याच हातचा.

सून फळ्याजवळ उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. हातात कार्डांचा गठ्ठा होता आणि त्या गठ्ठ्यात आता वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटलं, ती रडणार. मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण वर्गात सासू कशी उठणार.

मग तिने एक प्रश्न विचारला, कार्डांवर नसलेला. दवाखान्यातली बाई म्हणाली उद्या वेळ नाही, या आठवड्यात मुळीच नाही, तर काय बोलाल? हे दुकानात झालंच नव्हतं. पण झालेली तालीम अंगात मुरलेली, सगळ्यांनी भराभर हात वर केले. टॅक्सीवाल्याचा उजवा, तो कशाला मागे हटतोय. बाकी सगळे डावे. माझाही डावा. मी खोटं बोलत नाही.

सुनेने त्या हातांकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती त्याच शाळेत शिकवून आली होती, तिला हे हात वाचता येत होते. शेवटी तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. मी हात खाली घेणार होते, पण तोवर उशीर झाला होता.

तिने कार्डं टेबलावर उपडी ठेवली. दोन खुर्च्या ओढून पाठीला पाठ लावून ठेवल्या. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून. टॅक्सीवाला उजवा हात ताणून उभा राहायच्या बेतात होता, त्याला तिने हाताने बसवलं आणि मला बोलावलं.

मी जाऊन बसले. माझ्या पाठीमागे तिची पाठ. तिने दवाखान्यातल्या बाईसारखं बोलायला सुरुवात केली, पण खऱ्या बाईसारखं, भरधाव. मला एक अक्षर कळलं नाही. मग ती थांबली. माझी पाळी होती.

काही सुचेना. वर्गात नुसती बाबागाडीची चाकं कुरकुरत होती. मला माहीत होतं, आता ती बोलेल. आत्ता बोलेल. घरी मी नुसतं "अगं" म्हटलं की पुढचं वाक्य तीच पुरं करते. मी मान वळवून बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि मांडीवर तिने स्वतःचेच हात एकमेकांत घट्ट धरले होते. बोलत नव्हती. मला आधी भीती वाटली, मग राग आला. सासू इथे सगळ्यांसमोर तोंड उघडं टाकून बसलीये आणि ही भिंत बघते. एवढा राग मला तिचा कधी आला नव्हता, आणि रागात माणसाला जे सुचतं ते कधी कधी बरं असतं.

"स्लो," मी म्हटलं. "प्लीज. से अगेन. स्लो."

तिने पुन्हा सांगितलं. सावकाश. मला निम्मं कळलं. मी म्हटलं, "अगेन." वर्ग हसला, मीही हसले. तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कळलं की या आठवड्यात वेळ नाही, पुढच्या गुरुवारी दुपारी आहे, चालेल का. मी म्हटलं, "थर्सडे नो. माय नी टुडे पेन. टुडे." आणि खरोखरचा गुडघा चोळला, जसा काही फोनवरून दिसणारच होता. ती म्हणाली, थांबा हं, बघते. आणि मग मला आज संध्याकाळची वेळ दिली. गुडघ्याचं काही नव्हतं, पण ती वेळ मी भांडून मिळवली होती.

पुढे वर्गात बाजार भरला. तिने माझं ते सावकाश सांगा फळ्यावर लिहिलं, नीट करून लिहिलं, आणि एकेक डावा हात उठवून खुर्चीवर बसवला. न्हावी अडकला, ती थांबली. लेकुरवाळी अडकली, ती थांबली. ती थांबली की माणूस घामाघूम व्हायचा आणि मग त्याच्या तोंडून काहीतरी बाहेर पडायचं, वेडंवाकडं पण त्याचं स्वतःचं. शेवटी टॅक्सीवाल्यानेही हिरमुसून डावा हात वर केला, म्हणजे निदान पाळी तरी येईल. मागच्या बाईंनी पेन पुन्हा हातात घेतलं होतं, पण चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

तास संपल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. सून बऱ्याच वेळाने आली. तशीच चालायला लागली, मी मागून. बसस्टॉपवर पोचल्यावर म्हणाली, "कोणी शिकवलं त्यांना हे?"

"मी."

"वाटलंच मला." तिने कार्डांचा गठ्ठा पिशवीत कोंबला. "आई, तुमचा माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?"

हे मला लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"तुझ्यावर होता गं," मी म्हटलं. "माझ्यावर नव्हता. मागच्या वेळी तुझा पाठ माझ्यापायी बुडाला. मला वाटलं, परत मी तशीच बसले तर?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. ते थांबण्याचं खूळ आता तिच्या डोक्यात बसलं होतं बहुतेक. मग माझा हात धरला, तिच्या खरखरीत हाताने.

"आपल्या शाळेत मी नवीन होते तेव्हा तपासणीला उजवेच हात उठवले होते," ती म्हणाली. "सगळे म्हणाले छान झालं. पण ती डाव्या हातांची पोरं मला अजून आठवतात. एकेकाचं तोंड आठवतं. त्यांना वाटलं असेल, बाईंना आपण नकोच आहोत."

मी इतकी वर्षं त्याच वर्गाच्या दारात उभी होते. मला ती पोरं कधी दिसली नव्हती. मी तसं तिला सांगितलं नाही, पण बस येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

"बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कळवतो म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तुमच्या वर्गात डावखुरी माणसं फार दिसतात."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो, फार आहेत."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की सून धावायची आणि विमावाला निघायचा. मुलगा पुन्हा म्हणाला, काळजी करू नका. मी त्याला भाजी आणायला पाठवलं. मग तिने वाट बघणं बंद केलं, किंवा आम्हाला तसं दाखवलं, आणि लाँड्रीत जास्तीची पाळी घेतली. ते मला सगळ्यात जास्त टोचलं. माझ्या शहाणपणापायी ही पोरगी जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी घडी करत राहील, हा विचार पाठ सोडेना.

एक दिवस दुपारी ती घाईत निघाली आणि फोन चार्जिंगलाच विसरली. मी कणीक मळत होते. फोन वाजला. सवयीने मी पिठाच्या हातांनी बाथरूमकडे वळले, नळसुद्धा सोडला. फोन वाजायचा थांबला. पुन्हा वाजायला लागला. विमावाला दोनदा करत नाही.

मी नळ बंद केला. एका बोटाने फोन उचलला. पलीकडून एक बाई भरधाव बोलल्या आणि थांबल्या.

पाठीमागे खुर्ची नव्हती आणि खुर्चीत सून नव्हती. तरी मी म्हटलं, "स्लो. प्लीज. से अगेन."

त्या बाई पुन्हा बोलल्या, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. तो आवाज मी ओळखला. तास संपला की वर्गात मागून यायचा. मला सुनेचं नाव कळलं. पास कळलं. सोमवार कळला, संध्याकाळचा वर्ग कळला. पण असल्या गोष्टीत अर्धवट कळून भागत नाही, म्हणून मी म्हटलं, "अगेन." त्यांनी पुन्हा सांगितलं. मी त्यांना उलट म्हणून दाखवलं, "शी पास. मंडे. इव्हिनिंग. शी टीचर."

"येस," त्या म्हणाल्या. "शी इज अ टीचर."

माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच भिंतीला टेकून बसले. फोनला पीठ लागलं, कानाला लागलं. मला रडू येत होतं आणि इंग्रजीत रडतात कसं ते शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं, आपण कोण बोलताय?

सासूला काय म्हणतात ते सुनेने मला अगदी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लांबलचक शब्द, मधे दोन ठिकाणी श्वास घ्यावा लागतो. मला तो पाठ होता. पण तोंडातून तो आलाच नाही.

"हर स्टुडंट," मी म्हटलं.

पलीकडे बाई थांबल्या. त्यांना थांबायची सवयच होती. मीही थांबले.

"लेफ्ट हँड?" त्यांनी विचारलं.

हे मात्र मला एकदाच ऐकून कळलं.